सहा सीपीयू, तेरा डिस्क: एका सीए फर्ममधून बाहेर गेलेल्या माहितीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावची ही सीए फर्म. तीन भागीदार, नऊ कर्मचारी, आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणारी सात मुलं आणि सव्वासहाशेच्या आसपास क्लायंट: आडत दुकानदार, दोन पतसंस्था, डॉक्टर, काही छोटे कारखाने आणि पुष्कळ पगारदार. ओळख पटू नये म्हणून गाव, नावं आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. फर्मची चौदा मशीन या अटीत बसत नव्हती. सहा मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर, म्हणजे २ ऑक्टोबरला बदलायची आणि उरलेली आठ ऑडिटचा हंगाम उरकल्यावर, असं ठरलं. टॅक्स ऑडिटची मुदत तेव्हा ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढलेली होती, त्यामुळे ऑफिसात कुणालाच मान वर करायला फुरसत नव्हती.

पुढचं सगळं या सहा मशीनच्या पोटात काय होतं त्यावर ठरलं. २०१५-१६ मध्ये घेतली तेव्हा प्रत्येकात ५०० जीबीची एक हार्ड डिस्क होती. २०१९ मध्ये मशीन रडतखडत चालू लागली म्हणून हार्डवेअरवाल्याने २४० जीबीची एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क) बसवली, विंडोज तिच्यावर घेतलं आणि जुनी हार्ड डिस्क 'डी ड्राइव्ह' म्हणून तशीच ठेवली. २०२१ मध्ये एका मशीनची हार्ड डिस्क गेली. नवी बसली, पण गेलेली डिस्क वायर काढून स्क्रूसकट आतच राहिली. म्हणजे सहा सीपीयूत तेरा डिस्क. हा तेराचा आकडा ऑफिसात कुणालाही माहीत नव्हता. मालमत्तेच्या यादीत फक्त 'डेस्कटॉप, नग ६' एवढीच ओळ होती.

काय घडलं

हार्डवेअरवाल्याला निरोप गेला, "सहाही मशीनवर विंडोज नव्याने टाकून ठेव." त्याने तंतोतंत तेवढंच केलं. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं. डी ड्राइव्हला हात लावायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि चालू मशीनला भाव चांगला येतो एवढाच त्या निरोपामागचा हेतू होता. ऑफिसात मात्र "फॉरमॅट झालंय" हा शब्द फिरला, आणि या शब्दाने सगळ्यांचं समाधान झालं.

७ ऑक्टोबरला मोठे भागीदार ऑफिसातल्या मामांना म्हणाले, "मामा, ते सीपीयू पॅसेजमधून हलवा, दिवाळीची साफसफाई व्हायचीय." मामांनी ओळखीच्या जुन्या कॉम्प्युटरच्या व्यापाऱ्याला बोलावलं. नगाला २,२०० प्रमाणे १३,२०० रुपये रोख आले. पावती नाही, नोंद नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी चारच्या सुमाराला एका आडत दुकानदाराचा फर्मला फोन आला. त्यांना अर्ध्या तासापूर्वी एका अनोळखी मुलाने फोन केला होता: "शेठ, तुमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न माझ्या कॉम्प्युटरवर आहे, बँक खात्याच्या नंबरासकट. हे कुणाला परत करायचं?" मुलगा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. व्यापाऱ्याकडून ५,००० रुपयांत मशीन घेतलं, डी ड्राइव्ह उघडला आणि रिटर्नच्या पीडीएफवर छापलेल्या नंबरावर फोन लावला.

त्याच्यासमोर उघडलेल्या ड्राइव्हवर टॅलीचा डेटा फोल्डर होता, आत १०००३, १०००७, १००१२ अशा नावांचे कंपन्यांचे फोल्डर. शेजारी 'आयटीआर' नावाच्या फोल्डरात पाच वर्षांची रिटर्न, पॅन आणि आधारचे स्कॅन, फॉर्म १६, दोन डॉक्टरांची बँक स्टेटमेंट. आणि 'पासवर्ड फायनल न्यू २' नावाची एक्सेल फाइल: १७३ क्लायंटचे ई-फायलिंग आणि जीएसटीचे युजर आयडी, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरं. फाइलला स्वतःला पासवर्ड नव्हता.

पहिला निर्णय: त्याला काय सांगायचं?

मोठ्या भागीदारांच्या तोंडी पहिलं वाक्य आलं ते, "त्याला म्हणावं, सगळं डिलीट करून टाक बाबा." बहुतेक ठिकाणी हेच घडलं असतं. धाकट्या भागीदारांनी ते होऊ दिलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं. एक तर डिलीट केल्याने फाइलची फक्त नोंद जाते. हार्ड डिस्कवरचा मजकूर त्याच जागी राहतो आणि फोटोरेक, रिकुव्हासारखं मोफत साधन तो परत काढून देतं. दुसरं, त्या डिस्कवर नेमक्या कुणाकुणाच्या फाइली होत्या हे पाहण्याची संधी कायमची गेली असती आणि मग कळवायचं तरी कुणाला? तिसरं, या मुलाने प्रामाणिकपणे फोन केला होता; त्याच्याकडून घाईघाईत पुरावा पुसून घेतला असता तर उद्या सगळं त्याच्यावरच शेकलं असतं.

धाकटे भागीदार स्वतः त्याच्या घरी गेले. मशीन बंद करायला सांगितलं, डी ड्राइव्हची डिस्क आणि एसएसडी दोन्ही काढून घेतल्या, बदल्यात ५०० जीबीची नवी एसएसडी दिली. दोन डिस्कचे क्रमांक लिहून एक साधा कागद केला: कुठून घेतलं, कधी उघडलं, कुठे नक्कल केली नाही, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर काही चढवलं नाही. धमकी नाही, वकिलाचं पत्र नाही. मुलाने सही केली आणि वर व्यापाऱ्याच्या गोदामाचा पत्ताही दिला. दमदाटी केली असती तर तो पत्ता मिळाला नसता.

दुसरा निर्णय: बाकीची पाच

व्यापाऱ्याच्या गोदामात त्याच संध्याकाळी चार मशीन जशीच्या तशी मिळाली. सहावं मशीन त्याने सुटं केलं होतं. रॅम आणि प्रोसेसर वेगळे विकले, एसएसडी दुकानातल्या मशीनला लावायला बाजूला ठेवली होती, आणि हार्ड डिस्क आदल्या दिवशी चाळीसेक डिस्कच्या लॉटमधून किलोवर पुण्याच्या गाडीत गेली होती. किलोवर गेलेल्या डिस्कचा माग लागत नाही. त्यातली चालू निघालेली डिस्क पुन्हा 'रिफर्बिश्ड' म्हणून विकली जाते, बाकीच्यांची ॲल्युमिनियम आणि बोर्डासाठी तोडफोड होते.

चार मशीन आणि ती सुटी एसएसडी परत घ्यायला १२,००० रुपये मोजावे लागले. मोठ्या भागीदारांना घासाघीस करायची होती. पण रविवारी गिऱ्हाईक आलं असतं तर त्यातलं एखादं गेलं असतं. ही रक्कम वादाची नव्हतीच.

रविवारी रात्री हिशेब असा: तेरापैकी बारा डिस्क हातात, एक ५०० जीबी हार्ड डिस्क बेपत्ता. तिचा क्रमांक कुणालाच ठाऊक नाही. ती नेमकी कोणत्या टेबलावरची हेसुद्धा उरलेल्या पाच मशीनवरून वजाबाकी करून ठरवावं लागलं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फिजिकलडिस्क' ही आज्ञा दिली की मशीनला जोडलेल्या डिस्कचे क्रमांक मिनिटभरात समोर येतात. वायर काढलेली डिस्क मात्र त्यातही दिसत नाही. तिच्यासाठी झाकण उघडूनच पाहावं लागतं.

तिसरा निर्णय: कुणाला आणि कधी कळवायचं?

इथे फर्म चुकली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा गळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. हे बँका आणि आयटी कंपन्यांसाठी असतं, असा भागीदारांचा समज होता. निर्देश 'बॉडी कॉर्पोरेट'ना लागू आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मधल्या त्या शब्दाच्या व्याख्येत फर्म आणि एकल मालकीचा व्यवसायसुद्धा येतो. सोमवारी सकाळी दहाला सल्लागाराने हे निदर्शनास आणलं तेव्हा बेचाळीस तास उलटले होते. कळवलं, उशिराचं कारणही लिहिलं.

पोलिसांकडे जायचं का, यावर बराच खल झाला. चोरी झालेली नव्हती. माल फर्मनेच विकला होता. शेवटी घटनाक्रम तारखा आणि वेळांसह लिहून काढला, तिघा भागीदारांनी सह्या केल्या, एवढ्यावर ठेवलं.

क्लायंटना कळवायचं की नाही, यावर मतभेद तीव्र होते. एका भागीदाराचं म्हणणं, डिस्क बहुधा वितळवली जाईल, मग उगाच बोभाटा कशाला? हे 'बहुधा' फार महागात पडणारं असतं. क्लायंटची माहिती संमतीशिवाय उघड होणं सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं. आणि क्लायंटला ते बाजारातून कळलं तर फर्मकडे बोलायला तोंड राहत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला असला तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि गळती कळवण्याची सक्ती त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होते. म्हणजे त्या कायद्याचं बंधन ऑक्टोबरमध्ये नव्हतं. पण पुढे तशी वेळ आली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवणं, मंडळाला ७२ तासांत तपशीलवार अहवाल देणं आणि सुरक्षेत कसूर ठरल्यास कमाल २५० कोटींपर्यंतचा दंड, हे सगळं त्यात आहे. फर्मने तो रिवाज आधीच पाळायचं ठरवलं.

बेपत्ता डिस्क जिच्या मशीनमधली, ती मुलगी आर्टिकलशिप संपवून गेली होती. कामवाटपाची वही आणि सर्व्हरवरचे तिचे बॅकअप ताडून ४१ क्लायंटची यादी निघाली. आधी फोन, मग पत्र, या क्रमाने त्यांना कळवलं. पत्रात काय गेलं असावं, काय गेलेलं नाही, आम्ही काय केलं आणि तुम्ही काय करावं, एवढंच. 'तांत्रिक अडचणीमुळे' हा शब्द मसुद्यातून काढून टाकला, हे चांगलं झालं.

पासवर्ड फाइलमधल्या १७३ जणांचे पासवर्ड बदलायला नऊ दिवस लागले. ज्यांचा मोबाइल नंबर बदललेला होता त्यांची कामं ओटीपीवर अडली. प्राप्तिकर पोर्टलवरची 'ई-फायलिंग व्हॉल्ट' सोय त्याच वेळी चालू करून घेतली: नुसता पासवर्ड हाती लागला तरी आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा डीएससी (डिजिटल सही) यांपैकी काही असल्याशिवाय लॉगिन होत नाही.

उरलेल्या सामानाची मोजदाद

आता खरी यादी झाली, आणि ती सगळ्यांना नवी होती. बदलायची आठ मशीन म्हणजे सोळा डिस्क, परत आलेल्या बारा, बंद पडलेला जुना सर्व्हर दोन डिस्कांसह, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि त्यातली १ टीबी डिस्क, जीएसटीचे ओटीपी येणारा अँड्रॉइड मोबाइल आणि त्यातलं ६४ जीबी कार्ड, दोन राउटर, अठरा पेन ड्राइव्ह. भाड्याचं झेरॉक्स-स्कॅनर मशीन, ज्याचा करार ३१ ऑक्टोबरला संपत होता. आणि रिसेप्शनच्या खणात रबर बँड लावलेले ३७ डीएससी टोकन (क्लायंटच्या डिजिटल सहीचं प्रमाणपत्र असलेले, पेन ड्राइव्हसारखे), त्यातल्या निम्म्याहून जास्त टोकनांवर पासवर्डाची चिठ्ठी चिकटवलेली.

टोकनांबद्दल थोडं. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून टोकन निरुपयोगी होत नाही. नूतनीकरण बहुतेकदा त्याच टोकनावर होतं. खासगी किल्ली, म्हणजे डिजिटल सही करणारा गुप्त संकेत, आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ ने सही करणाऱ्यावर टाकली आहे. सोयीसाठी सीएच्या खणात टोकन ठेवायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. फर्मने सगळी ३७ टोकनं पोच घेऊन परत केली. पाच जणांनी कुरकुर केली.

पर्याय

माळ्यावर टाकून देणं हा न बोललेला पर्याय प्रत्येक ऑफिसात असतो. खर्च शून्य दिसतो, पण चार वर्षांनी जागा बदलताना तेच सामान हमालाच्या हाती लागतं आणि तोवर त्यात काय होतं हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

अधिकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला सगळं देऊन टाकायचं हा दुसरा. ई-कचरा नियम २०२२ मधली 'बल्क कन्झ्युमर'ची व्याख्या वर्षात एक हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्यांना लागते, फर्म त्यात बसत नव्हती. तरी माल अधिकृत केंद्राकडेच जाणं योग्य. अडचण वेगळी होती. केंद्राने दाखवलेल्या नमुना प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: 'संगणक साहित्य, १४२ किलो'. पर्यावरणाच्या हिशेबाला किलो चालतं. माहितीच्या हिशेबाला डिस्कचा क्रमांक लागतो. ई-कचऱ्याचं प्रमाणपत्र म्हणजे माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र नव्हे. ही गल्लत मोठमोठ्या संस्थाही करतात.

मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी वित्तसंस्थेचं प्रकरण याचं ठळक उदाहरण. २०१६ मध्ये डेटा सेंटर बंद करताना त्यांनी हे काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. डिस्क पुढे इंटरनेटवरच्या लिलावात विकल्या गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाने सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीच्या हेळसांडीबद्दल ३.५ कोटी डॉलरचा दंड लावला. त्याच प्रकरणात बेपत्ता झालेल्या ४२ सर्व्हरमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती, पण वर्षानुवर्षं कुणी ती चालूच केली नव्हती.

तिसरा पर्याय फिरत्या श्रेडर गाडीचा: डोळ्यांदेखत चुरा, क्रमांकासह प्रमाणपत्र. दर डिस्कमागे ३५० रुपये, पण किमान १०० डिस्क. फर्मकडे होत्या एकतीस. चौथा म्हणजे ऑफिसातच पुसणं आणि जे पुसलं जात नाही ते फोडणं. फर्मने चौथा निवडला, सांगाडे मात्र अधिकृत केंद्राला द्यायचे ठरवले.

कृती

पुसायला सुरुवात करण्याआधी एक काम निघालं ज्याचा कुणी विचार केला नव्हता. परत आलेल्या डिस्क लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून 'फक्त वाचन' पद्धतीने उघडल्या, तेव्हा एका डी ड्राइव्हवर २०१९-२० च्या तीन कंपनी ऑडिटचे वर्किंग पेपर सापडले जे सर्व्हरवर नव्हतेच. ऑडिटची कागदपत्रं अहवालाच्या तारखेपासून किमान सात वर्षं ठेवावी लागतात. कंपनीच्या हिशेबवह्यांना आठ आर्थिक वर्षं. घाबरून शनिवारीच सगळं पुसलं असतं तर गळतीच्या जोडीला ही दुसरी भानगड उभी राहिली असती. म्हणून क्रम ठरला: यादी, ताडणी, बॅकअप, तो उघडून पाहणं, आणि मगच पुसणं.

हार्ड डिस्कसाठी एनवाइप हे पुसण्याचं साधन वापरलं: पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिणारा एक फेरा आणि नंतर पडताळणी. पस्तीस फेऱ्यांचा सल्ला अजून फिरतो. तो १९९६ चा, त्या काळच्या डिस्कांसाठीचा. आजच्या डिस्कला पडताळणीसह एक फेरा पुरतो, हीच अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेचीही भूमिका. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला शंभरेक एमबीच्या वेगाने दीड तासात लिहून होते, पडताळणीला तेवढाच वेळ. आठ मशीनवर संध्याकाळी सातला लावलं की रात्रीत उरकतं. साधन नसेल तर विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये 'क्लीन ऑल' चालतं. नुसतं 'क्लीन' लिहिलं तर फक्त विभागांचा तक्ता जातो. एका शब्दाचा फरक. आणि आज्ञेआधी निवडलेली डिस्क कोणती हे दोनदा पाहायचं, म्हणून पुसायच्या मशीनला दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली ठेवायची नाही.

दोन हार्ड डिस्क सहा तासांत पाच टक्क्यांपुढे सरकल्या नाहीत. खराब झालेले सेक्टर डिस्क स्वतःच बाजूला टाकते आणि तिथला जुना मजकूर कुठल्याही फेऱ्याच्या हाती लागत नाही. त्या, २०२१ ची मेलेली आणि सर्व्हरच्या दोन, अशा पाच डिस्क फोडायच्या ढिगात गेल्या.

एसएसडीचं गणित वेगळं. तिच्यात लिहिलेलं नेमकं कुठे बसेल हे आतला कंट्रोलर ठरवतो, आणि दाखवलेल्या क्षमतेपेक्षा जास्तीची राखीव जागा असते. वरून शून्यं लिहिली तरी जुन्या मजकुराला स्पर्श होईलच असं नाही. तिला डिस्कचीच 'सिक्युअर इरेज' आज्ञा द्यावी लागते. पहिल्याच मशीनवर आज्ञा नाकारली गेली: डिस्क 'फ्रोझन'. बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं सॉफ्टवेअर, सुरू होताना हे कुलूप घालतं. मशीन स्लीपमध्ये टाकून जागं केलं की बहुधा निघतं, इथेही निघालं. नंतर प्रत्येक एसएसडीवर फोटोरेक चालवून पाहिलं. तेरा एसएसडींवर शून्य फाइली. चौदावीने, एका स्वस्त ब्रँडच्या, तीन सेकंदांत 'काम झालं' सांगितलं आणि फोटोरेकने तिच्यातून २१२ पीडीएफ काढून दाखवल्या. असं होऊ शकतं हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्येच दाखवलं होतं. म्हणून पडताळणी हा शोभेचा टप्पा नाही.

ती एसएसडी फोडताना आणखी एक गंमत. मामांनी ड्रिलने मधोमध छान भोक पाडलं. झाकण उघडल्यावर दिसलं की आतला बोर्ड जेमतेम एक तृतीयांश लांबीचा, कनेक्टरच्या बाजूला; भोक मोकळ्या जागेतून आरपार गेलं होतं. एसएसडी आधी उघडायची आणि प्रत्येक काळी चिप वेगळी फोडायची. ३.५ इंची हार्ड डिस्कला टी-८ टॉर्क्स पाना लागतो, एक स्क्रू बहुधा स्टिकरखाली लपलेला असतो. तबकड्या बाहेर काढून वाकवायच्या आणि भोकं पाडायची. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी अनेकदा काचेची असते आणि फुटून उडते, म्हणून चष्मा आणि हातमोजे. मोबाइलला ड्रिल कधीच लावायचं नाही. बॅटरी पेट घेते. मोबाइल एन्क्रिप्टेड होता, त्यामुळे गुगल खातं काढून फॅक्टरी रीसेट पुरेसं ठरलं. कार्ड मात्र वेगळं काढून तोडलं, कारण रीसेट कार्डाला हात लावेलच असं नाही.

भाड्याचं झेरॉक्स मशीन

हे प्रकरण स्वतंत्र सांगण्याजोगं, कारण ते कुणाच्याच यादीत नसतं. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि स्कॅन, प्रिंट, कॉपी केलेली पानं तिच्यावरून जातात. न्यू यॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याची कॉपिअर मशीन आतल्या डिस्क न पुसता परत केली. त्यातलं एक २०१० मध्ये सीबीएस वाहिनीने विकत घेतलं आणि आत रुग्णांची माहिती निघाली. बाधितांचा अंदाज ३,४४,५७९ पर्यंत गेला आणि २०१३ मध्ये १२,१५,७८० डॉलर भरून तडजोड करावी लागली.

फर्मला डिस्क काढून घ्यायची होती. पुरवठादार म्हणाला, मशीन त्याचं आहे आणि डिस्क काढली तर ते चालूच होणार नाही, कारण त्याच्या प्रणालीचा काही भाग तिच्यावरच असतो. हे खरं होतं. करारात डिस्कबद्दल अवाक्षर नव्हतं. शेवटी ॲडमिन मेनूतली पूर्ण डिस्क पुसण्याची सोय रात्रभर चालवली आणि अहवालाचं पान छापून ठेवलं. त्याआधी पत्तायादी आणि 'स्कॅन टू फोल्डर'च्या नोंदी काढल्या. त्यातल्या एका नोंदीत सर्व्हरच्या ॲडमिनचा पासवर्ड भरलेला होता, चार वर्षं तोच. अर्थातच तो सर्व्हरवरही बदलला.

निष्पत्ती

एकतीसपैकी सहा डिस्क फोडल्या, पंचवीस पुसल्या. पुसलेल्यांपैकी अकरा हार्ड डिस्कसुद्धा नंतर फोडल्या, कारण दहा वर्षांच्या ५०० जीबी डिस्कला येणारे दोन-तीनशे रुपये त्या जोखमीला पुरेसे वाटले नाहीत. आधी पुसलेली असली की फोडणं थोडं ढिसाळ झालं तरी बिघडत नाही, हा त्यातला फायदा. चार मशीन पुसलेल्या एसएसडीसह एका शाळेला गेली. बाकी सांगाडे, फोडलेल्या डिस्क आणि डीव्हीआर अधिकृत केंद्राकडे. फर्मने स्वतःची क्रमांकवार यादी सोबत जोडली आणि केंद्राच्या माणसाची त्यावर सही घेतली.

रोख खर्च परतफेड, नवी एसएसडी आणि हत्यारं धरून २१,००० च्या आत राहिला. ऑडिटच्या ऐन हंगामात तीन माणसांचे नऊ दिवस गेले, तो खर्च वेगळा. ४१ पैकी दोन क्लायंट फर्म सोडून गेले. आडत दुकानदार राहिले. बेपत्ता डिस्क सापडली नाही. त्या ४१ जणांच्या पॅनवर संशयास्पद कर्ज-चौकशी दिसते का, हे दर तिमाहीला क्रेडिट रिपोर्टमधून पाहण्याचं काम फर्मने अंगावर घेतलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय २०१९ मध्येच होता. एसएसडी बसवली त्या दिवशी दोन्ही ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्कवरची माहिती एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) चालू केलं असतं आणि रिकव्हरी किल्ली सर्व्हरवर ठेवली असती, तर पुण्याच्या गाडीत गेलेली डिस्क म्हणजे नुसता धातूचा ठोकळा असती. मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती होतीच. नव्या मशीनवर हे पहिल्या दिवशी केलं.

पासवर्डांची एक्सेल फाइल डिस्कवर असणं ही चूक विल्हेवाटीच्या आधीची. ती आता पासवर्ड मॅनेजरमध्ये गेली आहे. पण एका आर्टिकलच्या डेस्कटॉपवर तिची जुनी प्रत डिसेंबरमध्ये पुन्हा सापडली.

मामांना दोष देण्याचा प्रयत्न पहिल्या बैठकीत झाला. त्यांना 'हलवा' म्हटलं, त्यांनी हलवलं. आता सीपीयू, मोबाइल किंवा झेरॉक्स मशीन दाराबाहेर जाताना एक पानी चिठ्ठी लागते: डिस्कचे क्रमांक, पुसलं की फोडलं, पडताळणी कुणी केली. भागीदाराच्या सहीशिवाय वॉचमन सोडत नाही. झेरॉक्सच्या नव्या करारात डिस्क पुसून अहवाल देण्याचं कलम घातलं आहे.

चिठ्ठीची पहिली परीक्षा जानेवारीत झाली. वर्षभराच्या आतली एक डिस्क बिघडली आणि हार्डवेअरवाल्याचा मुलगा वॉरंटीत बदलून द्यायला आला. जुनी डिस्क कंपनीला परत पाठवल्याशिवाय नवी मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. ती एन्क्रिप्टेड होती, त्यामुळे देता आली असती. पण बिटलॉकर त्या ड्राइव्हवर खरोखर पूर्ण झालं होतं का, याची नोंद रजिस्टरमध्ये कोरी होती. डिस्क ऑफिसातच राहिली, २,९०० रुपयांची नवी विकत आणली, आणि रजिस्टरमधला तो रकाना सगळ्याच मशीनसाठी त्या दुपारी भरला.